नवीन ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर पीसी सुरू होत नाही; ५५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलावा का?

नका बदलू. निदान आज तरी नका.

तुम्ही लिहिलंय की जीटीएक्स १०६० हे जुनं कार्ड काढून आरटीएक्स ३०७० हे नवीन बसवलं. प्रोसेसर आय५-९४००एफ. पंखे फिरतात, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल'. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून मदरबोर्डची बॅटरी काढून परत घातली, आणि आता जुनं कार्ड लावलं तरी 'बूट डिव्हाइस', म्हणजे विंडोज असलेली डिस्क, सापडत नाही. हे दोन वेगळे बिघाड आहेत. पहिला कार्डाचा. दुसरा, बहुतेक, बॅटरी काढण्यानेच ओढवलेला.

आधी वॅटचं निस्तरू, कारण 'डिस्प्ले नाही ना? एसएमपीएस बदला' असं डोळे मिटून सांगणाऱ्यांशी माझं जुनं वाकडं आहे. ३०७० पूर्ण लोडवर साधारण २२० वॅट घेतं. तुमचा प्रोसेसर ६५ वॅटचा, टर्बोमध्ये थोडा वर जातो. एनव्हिडिया या कार्डासाठी ६५० वॅट सुचवते हे खरं, पण इथे तो प्रश्नच येत नाही. बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामची) स्क्रीन दाखवताना कार्डाला काही कामच नसतं, ते २२० च्या जवळपासही फिरकत नाही. वॅट कमी पडले तर गेम सुरू झाल्यावर मशीन फाटकन बंद पडतं किंवा रीस्टार्ट होतं. पंखे निवांत फिरताहेत आणि स्क्रीन काळी, हे त्याचं लक्षण नव्हे.

खरी गोची बहुतेक वेळा केबलमध्ये असते. १०६० च्या बऱ्याच मॉडेल्सना ६ पिनची एकच केबल पुरायची, बहुतेक ३०७० ना ८ पिनच्या दोन लागतात. स्लॉटमधून ७५ वॅट, ६ पिनमधून ७५, ८ पिनमधून १५० असा हिशोब आहे. एक सॉकेट रिकामा राहिला तरी पंखे फिरू शकतात, चित्र मात्र येत नाही. पुष्कळ कार्डांवर अशा वेळी सॉकेटशेजारी बारीक दिवा लागतो, तो आधी बघा. ८ पिनचा कनेक्टर '६+२' असा दोन तुकड्यांचा असतो. आत ढकलताना २ चा तुकडा हमखास मागे सरकतो आणि अर्धवट लटकतो. दोन्ही तुकडे बोटांत एकत्र धरून खटका अडकेपर्यंत दाबा, मग हलकेच ओढून पाहा. '४+४' असा मधोमध फुटणारा कनेक्टर प्रोसेसरचा आहे. त्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूला असतात, तो जोर लावून कार्डात घुसवू नका. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणारा, एसएमपीएस असेल तर त्याच्याचबरोबर आलेल्या केबल वापरा. दुसऱ्याच्या केबल बसतील, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि कार्ड जळू शकतं.

केबल कमी पडली म्हणून साटाचं (डिस्कला वीज देणाऱ्या कनेक्टरवरून कार्डाला वीज देणारं) अडॅप्टर लावलं असेल तर ते आत्ताच काढा. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या ३ पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे सगळे मिळून ५४ वॅट. त्यातून ८ पिनचे १५० वॅट ओढायचे म्हणजे प्लॅस्टिक वितळवायची तयारी. अशी अडॅप्टर विकणाऱ्यांबद्दल इथे लिहिता येईल असं माझ्याकडे काही नाही.

मॉनिटरची वायर कार्डातच लावा. 'एफ'वाल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, त्यामुळे मदरबोर्डच्या एचडीएमआयमधून जन्मात काही येणार नाही.

मग कार्डाची बैठक. स्लॉटच्या टोकाची कडी खट्ट वाजली म्हणजे झालं असं नाही. ब्रॅकेटच्या खालच्या जिभा कॅबिनेटच्या पत्र्यावर टेकल्या, तर स्क्रू आवळताना कार्डाची दुसरी बाजू स्लॉटमधून वर उचलली जाते. टॉर्च मारून सोनेरी पट्टी दोन्ही टोकांना सारखीच दिसतेय ना बघा. तिरकी दिसली तर स्क्रू सैल करून परत बसवा. जड कार्ड रेटताना रॅमही हलते, ती काढून नीट बसवा.

आता चालू करून मदरबोर्डवरचे दिवे वाचा, असतील तर. 'सीपीयू' (प्रोसेसर), 'डीरॅम' (रॅम), 'व्हीजीए' (ग्राफिक्स कार्ड), 'बूट' (डिस्क) यांपैकी कुठला लागून राहतो? दिवे नसतील तर मिनिटभर थांबून कीबोर्डचं नमलॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो, तर मशीन सुरू आहे, फक्त चित्र नाही. मग दुसरी वायर, दुसरा पोर्ट, दुसरा मॉनिटर करून पाहा.

दुसरा बिघाड. बॅटरी काढली की बायोसची सगळी सेटिंग्ज मूळपदावर जातात, त्यात 'सीएसएम'ही येतं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या डिस्कवरून बूट करू देणारी सोय. विंडोज एमबीआर या डिस्कच्या जुन्या मांडणीवर टाकलेली असेल आणि सीएसएम बंद झालं असेल, तर डिस्क बूटच्या यादीत दिसत नाही. डेटा जागेवर असतो, घाबरून विंडोज परत टाकू नका. जुनं कार्ड लावून बायोसमध्ये जा आणि सीएसएम चालू करा. साटा मोड (मदरबोर्डने डिस्कशी बोलायची पद्धत) पूर्वी 'रेड' किंवा 'आरएसटी' होता आणि आता 'एएचसीआय' झाला असेल तर तोही परत फिरवा, नाहीतर विंडोज निळ्या स्क्रीनवर आपटते. शिवाय लांब कार्डाच्या धक्क्याने साटाची वायर निसटली नाही ना, हेही पाहा.

विंडोज सुरू झाली की त्याच जुन्या कार्डावर बायोस अपडेट करा. त्यात सेटिंग्ज पुन्हा मूळपदावर जाऊ शकतात, तेव्हा सीएसएम परत तपासा. नंतर कायमचा इलाज. बॅकअप घ्या, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर तात्पुरतं थांबवा, आणि अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एमबीआर२जीपीटी' चालवा; ते डेटा न पुसता डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत बदलतं, मग सीएसएमची गरज उरत नाही. आधी 'व्हॅलिडेट', मग 'कन्व्हर्ट', दोन्ही वेळा 'अलाऊफुलओएस' जोडून. विंडोज १० ची १७०३ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते आणि डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन चालत नाहीत. त्यानंतर सीएसएम बंद करा, विंडोज येतेय याची खात्री करा, आणि मगच ३०७० बसवा.

एसएमपीएस कधीच दोषी नसतो असं मी म्हणत नाही. बटण दाबल्यावर पंखा झटका देऊन थांबत असेल, तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा एसएमपीएसचं संरक्षण ट्रिप होऊन तो स्वतःच बंद पडतोय. मेनचा स्विच बंद करून मिनिटभर थांबल्याशिवाय पुन्हा बटण दाबू नका. सगळं नीट चालून गेममध्ये मशीन बंद पडायला लागलं, तर मात्र खुशाल ६५० चा घ्या. या कार्डाचे वीज ओढण्याचे क्षणिक झटके २२० वॅटच्या बरेच वर जातात आणि जुना ५५० तिथे दम तोडू शकतो. तेव्हा दोन्ही सॉकेटना एसएमपीएसमधून निघालेल्या दोन स्वतंत्र केबल द्या, एकाच केबलची दोन टोकं नकोत.

इतकं करूनही ३०७० वर काहीच आलं नाही, तर ते दुसऱ्या चालू मशीनमध्ये लावून पाहा. तिथेही गप्प बसलं तर कार्ड मेलेलं आहे, वॉरंटीत द्या. आणि हिरवी-काळी वायर क्लिपने जोडून एसएमपीएस 'चेक' करून देणारा कुणी भेटला, तर त्यातून पंखा फिरतो एवढंच कळतं. लोडवर १२ व्होल्ट टिकतात का, ते कळत नाही.