तालमीला पाठवायचं की नाही?

"मॅडम, हिला तुम्हीच सांगा, नाटक बंद कर म्हणून. आमचं काय ऐकलाली नाही."

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. समोर आई बसली होती, मांडीवर सहामाहीचं प्रगतिपत्रक. शेजारी नववीतली मुलगी, नजर फरशीवर. तिला आपण लावण्या म्हणू. खरं नाव वेगळं आहे आणि ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही मी बदलले आहेत. घर सोलापूरजवळच्या कुंभारीत, विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीत. आई विड्या वळते, वडील शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर. घरात तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची.

तक्रार साधी होती. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या बालनाट्य स्पर्धेसाठी पार्क चौकाजवळ तालमी चालल्या होत्या. दोन महिने मुलगी रात्री साडेआठ-नऊला घरी येत होती. टक्केवारी शहात्तरवरून सदुसष्टवर आली होती. पुढच्या वर्षी दहावी. "नाटकाच्या नादानं मुलगी हातची जाईल" हे वाक्य आई दोनदा बोलली.

सोलापुरात शाळांमधून समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न मला दरवर्षी येतो, कधी नाटकाबद्दल, कधी नाचाबद्दल, कधी ढोलकीबद्दल. त्या दिवशी मी माझ्या सवयीचं उत्तर दिलं: आठवड्याचं वेळापत्रक आखून दिलं, अभ्यासाचे तास वेगळे, तालमीचे वेगळे. आईने कागदाची घडी करून पिशवीत टाकली. लावण्या शेवटपर्यंत काही बोलली नाही. त्या दोघी गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी दोघींपैकी एकीलाही काही विचारलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मुलीला एकटीला बोलावलं. तिला नाटकात काय आवडतं, एवढंच विचारलं. मोठी नटी व्हायचंय, असं काहीतरी ऐकायला मिळेल असं मला वाटत होतं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वर्गात मी उत्तर दिलं की पोरं हसतात. 'माझा शाळा' म्हणते मी, 'तो खुर्ची' म्हणते. मला कळतच नाही आधी. नाटकात वाक्य आधीच बरोबर लिहिलेलं असतं, मॅडम. मला फक्त मोठ्यानं बोलायचं असतं."

मी हे ऐकून थांबलेच. आमच्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा एका रिक्षात बसतात, याचं आपल्याला कौतुक असतं. पण घरी एक भाषा आणि वर्गात दुसरी असलेल्या मुलाला दिवसातून किती वेळा तोंड मिटून घ्यावं लागतं, हे आपण मोजत नाही. या मुलीला एक जागा सापडली होती जिथे तिचं मराठी चुकणार नव्हतं आणि समोरच्यांना ते ऐकून घ्यावं लागणार होतं. ती जागा नुसत्या टक्केवारीपायी काढून घ्यायला माझं मन तयार होईना.

तरी टक्केवारीचा प्रश्न खोटा नव्हता. आठवीपासूनच्या गुणपत्रिका मागवल्या आणि विषयवार पाहिल्या. गणित आठवीच्या सहामाहीला ५८, वार्षिकला ४९, नववीच्या सहामाहीला ३८. म्हणजे घसरण सुरू झाली तेव्हा नाटकाचं नावही नव्हतं. बीजगणितातले अवयव तिला कधी समजलेच नव्हते, आणि त्यावर पुढची सगळी प्रकरणं उभी होती. इंग्रजी थोडं खाली आलं होतं. मराठी मात्र ६१ वरून ७० वर गेलं होतं. पालकांना मी कळकळीने सांगेन: नुसती टक्केवारी पाहून छंदाला दोष देऊ नका, विषय वेगवेगळे करून बघा. कधी दोष खरोखर तालमीचा निघतो, तेव्हा तालीम कमी करावीच लागते. इथे तो नव्हता.

आईला हे सांगितलं तर तिने मान डोलावली, पण चेहरा सुटला नाही. म्हणून मी मार्कांचा विषय सोडला आणि विचारलं, "ताई, ती उशिरा येते तेव्हा घरात काय काय अडतं?"

तेव्हा खरं बाहेर आलं. एक म्हणजे रस्ता. शहरातून घरकुलापर्यंत रात्री यायचं, बस चुकली की वाट बघत उभं राहायचं, आणि गल्लीतल्या बायका दारात बसलेल्या. दुसरं सांगताना आईचा आवाज खाली आला. हजार विड्या रोज पुऱ्या करायच्या तर पानं कापायला कुणीतरी लागतं. ते काम लावण्या करायची. दोन महिने ती नसल्यामुळे रोज शे-दीडशे विड्या कमी पडत होत्या आणि मजुरी तेवढी कापली जात होती.

'नाद' या शब्दाखाली हे दडलेलं होतं. या आईला कलेचा राग नव्हता. तिला हिशेब जुळवायचा होता, आणि तो कुणापुढे मांडायची लाज वाटत होती.

विडीच्या कामाला मुलांना बसवणं कायद्याने बंद आहे, हे मला सांगावं लागलं. तंबाखूची धूळ मुलीच्या छातीत जाते हेही सांगितलं. पण पैशाचं काही न बघता नुसता कायदा सांगणं मला बरोबर वाटलं नाही. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, नववी-दहावीला वर्षाला २,००० रुपये. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करावा लागतो. आईकडे कामगार ओळखपत्र होतं, अर्ज कधीच भरला नव्हता. वर्षभराची कमी पडणारी मजुरी एवढ्याने भरून निघत नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "वह्या तरी निघतील." तो प्रश्न मी पूर्ण सोडवू शकले नाही.

रस्त्याचा प्रश्न मात्र सुटला. मी दिग्दर्शकांना भेटले. तरुण माणूस, मनापासून काम करणारा, पण तालमीला आलेल्या मुली घरी कशा जातात याचा त्याने विचार केला नव्हता. ठरलं ते असं: मुलींच्या प्रवेशांची तालीम आधी, पाच ते सव्वासात. तालमींच्या तारखांचा कागद प्रत्येक घरी. अक्कलकोट रोडच्या बाजूच्या तीन मुली एकाच ओळखीच्या रिक्षाने जाणार, आणि रिक्षा निघाली की घरी फोन. तालमीच्या जागी एक शिक्षिका किंवा कुणाची तरी आई हजर. तुमचं मूल कुठल्याही संस्थेत जात असेल तर एवढं मागायला अजिबात संकोचू नका. जी संस्था या प्रश्नांनी चिडते, तिथे मूल पाठवू नका.

वडिलांचा एकदा फोन आला. त्यांची काळजी निराळी होती. कुणीतरी त्यांच्या मोबाइलवर 'मालिकेसाठी बालकलाकार हवेत' असा निरोप पाठवला होता आणि नोंदणीचे पैसे मागितले होते. मी सांगितलं, काम देणारा पैसे देतो, मागत नाही. शिवाय मुलांना कॅमेऱ्यासमोर उभं करायला नियम आहेत: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसात पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावावर मुदत ठेवीत. हे पाळण्याची भाषाही न करणाऱ्यांचे निरोप सरळ पुसून टाका.

मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "नाटकानं पोट भरतंय का?" इथे बरेच जण अतुल कुलकर्णींचं नाव घेतात. सोलापुरात शाळा शिकले, अभियांत्रिकी सोडली, इथल्या नाट्यसंस्थेत काम केलं आणि तिथून दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले. मला त्यांचा अभिमान आहे, पण चौदा वर्षांच्या मुलीच्या बापाला मी हे उदाहरण देत नाही. त्याने भलती आशा तरी लागते किंवा भलती भीती. मी एवढंच म्हटलं, की हे तिने आज ठरवायचं नाही. पुढे तिला याच वाटेने जावंसं वाटलं, तर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बारावीनंतर पदवीला जाता येतं, आणि दिल्लीच्या विद्यालयाला तर आधी पदवीच लागते. म्हणजे अभ्यास कुठल्याच वाटेने सुटत नाही.

याच काळात एक गोष्ट हातची गेली, तिची हळहळ मला अजून आहे. सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र, म्हणजे सीसीआरटी, दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना संगीत, नृत्य, नाट्य यांसाठी शिष्यवृत्ती देतं. मी चौकशी केली तेव्हा लावण्याला चौदा पूर्ण होऊन गेली होती, म्हणजे वय उलटून गेलं होतं. तुमचं मूल पाचवी-सहावीत असेल तर आताच बघा. नववी ते बारावीसाठी केंद्र सरकारचा कला उत्सव असतो, २०१५ पासून. शाळेतून जिल्हा, राज्य आणि मग देशपातळी. त्यात शाळेनेच नाव द्यायचं असतं, म्हणून शिक्षकांना विचारत राहावं लागतं. दहावीला शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकलेचे वाढीव गुण मिळतात, त्याचा प्रस्तावही शाळेतूनच जातो. मात्र फक्त त्या गुणांसाठी मुलाला तबल्याला बसवू नका. अशी कंटाळलेली मुलंही माझ्यासमोर येऊन बसली आहेत.

प्रयोगाच्या चार दिवस आधी मी आईला तालमीला घेऊन गेले. ती दाराजवळच्या बाकावर पदर सावरून बसली. लावण्याचं काम छोटंसंच, एका म्हातारीचं. ती उभी राहिली आणि शेवटच्या भिंतीपर्यंत जाईल अशा आवाजात बोलू लागली. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिला एवढं मराठी येतंय?" थोड्या वेळाने म्हणाली, "मला दवाखान्यात चार शब्द बोलायचं म्हटलं तरी घाम फुटतो."

हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग झाला. बक्षीस मिळालं नाही. वडील पाळी बदलून मिळाली नाही म्हणून येऊ शकले नाहीत, आणि लावण्या त्या दिवशी त्यावरून रडली. गणितासाठी शाळेतल्याच एका शिक्षकांनी रविवारी तासभर दिला. वार्षिकला ४७ आले. आता ती दहावीत आहे. मार्चपर्यंत तालीम नाही, असं तिने स्वतःच ठरवलं. महिन्यातून एकदा माझ्याकडे येते. उत्तर देताना अजून लिंग चुकतं. हल्ली ती स्वतःच थांबते, दुरुस्त करते आणि पुढे बोलते.

परवा त्यांच्या घरी गेले होते. आई आतल्या खोलीत विड्या वळत होती. लावण्या बाहेर उंबऱ्यापाशी, तंबाखूपासून लांब बसून मराठीचा धडा मोठ्यानं वाचत होती. एका शब्दाला अडखळली, तर आतून आईने तो शब्द सांगितला. मराठीत.