फोकट्रॉनिकामध्ये गाणाऱ्याचा आवाज एवढा मागे का ठेवतात?

तुम्ही विचारलंय की हुआना मोलिनाचा 'सोन' (२००६) हा फोकट्रॉनिका, म्हणजे लोकगीताच्या वळणाची गाणी आणि इलेक्ट्रॉनिक आवाज यांची सरमिसळ असलेला अल्बम ऐकताना तिचा आवाज गिटार नि सिंथमध्ये (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डमध्ये) बुडाल्यासारखा वाटतो, तर मिक्सिंग गंडलंय की मुद्दाम केलंय. माझ्या मते मुद्दाम. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलेलं, मी तर हेडफोनची पिन काढून परत घातली होती.

त्यात आपला कान भावगीतावर वाढलेला. तिथे शब्द आधी, गायक श्वास घेतो तेवढ्यात व्हायोलिन पुढे येऊन जातं आणि परत गुपचूप मागे बसतं. ती सवय घेऊन हा अल्बम लावला की काहीतरी चुकलंय असं वाटणारच.

ही मोलिना अर्जेंटिनाची, आधी टीव्हीवर कॉमेडी करायची, शो जोरात चालू असताना सोडून गाण्यात आली. पहिला 'रारा' १९९६ चा, प्रोड्युसर गुस्तावो सांताओलाया, तो अल्बम बराच सरळ आहे, गाणारी पुढे आणि वाद्यं मागे. मग २००० च्या 'सेगुंदो'पासून गाडी बदलली. स्टेजवर ती एकटीच गिटार, कीबोर्ड आणि स्वतःचा आवाज लूपवर (रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा वाजत राहणाऱ्या तुकड्यांवर) थरावर थर चढवत जाते, म्हणजे गळा हाही त्यातला एक थरच झाला ना, आणि 'सोन'मध्ये तर मध्ये मध्ये शब्दही नसतात, नुसते आ-ऊ. तिथे आवाज वर काढला तर बाकीचे लूप नुसती साथ होऊन बसतील.

याच्या उलट ऐकायचं तर बेथ ऑर्टनचा 'ट्रेलर पार्क' (१९९६). बीट्स आहेत, काही गाण्यांना अँड्र्यू वेदरॉल या डान्स म्युझिकवाल्या प्रोड्युसरचा हात लागलाय, तरी ती कानाशी बसून गातेय असं वाटतं. खरं सांगू, गोष्ट ऐकायची असेल तर मला हाच आवडतो.

आता खरंच गंडलेलं मिक्स कसं ओळखायचं, तर व्हॉल्यूमवर जाऊ नका. मी एकदा जात्यावरच्या ओवीखाली गिटार आणि सिंथ लावून बघितलं, शब्द कळेनात म्हणून आवाजाचा फेडर (पातळी कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर वर नेत गेलो आणि शेवटी रिक्षातून निवडणुकीची अनाउन्समेंट चालल्यासारखं वाटायला लागलं. भानगड वेगळीच होती, क-च-ट-स ही अक्षरं जिथे स्पष्ट होतात त्या २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यातच गिटारच्या तारेचा टणत्कार बसतो, दोघांची मारामारी. गिटार ३ किलोहर्ट्झच्या आसपास थोडी कापली, रिव्हर्बची (आवाजाच्या घुमण्याची) शेपटी छोटी केली आणि आवाज होता तिथे परत खाली आणला, शब्द कळायला लागले.

'सोन'मध्ये मला ही मारामारी ऐकू येत नाही. आवाज हळू आहे पण त्याची जागा मोकळी आहे. एकदा फोनच्या स्पीकरवर अगदी बारीक आवाजात लावून बघा, गाण्याची चाल तरीही धरता येते.