2008 ची वॅगन आर आहे, पावसात मागच्या दरवाज्याजवळ पाणी येतं. सीट कोरडं राहतं, फक्त पायाखालची मॅट भिजते. दरवाज्याचं रबर घरी बदलता येईल का?

येईल, आणि घरीच बदला. अवघड काम नाही. पण रबर आणायच्या आधी पाणी कुठून शिरतंय ते बघा. तुम्ही लिहिलंय की सीट कोरडं राहतं आणि फक्त पायाखालची मॅट भिजते. दरवाज्याच्या रबरातून, म्हणजे बीडिंगमधून, वरच्या बाजूने पाणी आलं तर बहुतेक वेळा पॅडवर, म्हणजे दरवाज्याला आतून लावलेल्या आवरणावर, नाहीतर सीटच्या कडेला ओघळ दिसतो. नुसती मॅट ओली होत असेल तर माझा पहिला संशय दरवाज्याच्या पोटात साचलेल्या पाण्यावर जातो.

काचेच्या बाहेरच्या पट्टीतून थोडं पाणी दरवाज्याच्या आत जातंच. दरवाजा बनवताना ते गृहीत धरलेलं असतं, म्हणून खालच्या कडेला बारीक भोकं ठेवलेली असतात. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर रोज जाणाऱ्या गाडीत मेट्रोच्या कामाची धूळ आणि पावसाचं पाणी मिळून ती भोकं चिखलाने बुजतात. दरवाजा उघडून जरा हलवा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, तर केबल टायचं टोक घालून भोकं मोकळी करा. दुसरी जागा पॅडच्या मागची. तिथे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर किंवा पॉवर विंडोच्या कामात तो फाटतो आणि तसाच लोंबकळत राहतो, मग दरवाज्यातलं पाणी थेट गाडीत उतरतं. नवा जाड प्लॅस्टिक कागद ब्यूटाइल टेपने (चिकट रबरी टेप) चारी बाजूंनी चिकटवला की झालं. (पुढे डावीकडे पाणी येत असेल आणि तेही एसी चालू असताना, तर आधी एसीची ड्रेन नळी बघा.)

हे सगळं ठीक असेल तर मग रबर. दरवाजा उघडून चौकटीची आतली कड नीट बघा. रबर बाहेरच्या बाजूला स्वच्छ असतं, पण जिथे ते दाबलं जात नाही तिथे आतल्या रंगावर तपकिरी धुळीची रेघ उमटलेली असते. धूळ जिथून येते तिथूनच पाणी येतं. खात्रीसाठी वर्तमानपत्राची पट्टी दरवाज्यात अडकवून ओढा. अलगद निसटली तर तिथे रबर दबून गेलंय, आतली पोकळ नळी चपटी झाली आहे. शेवटी एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून हळू पाणी सोडायचं, खालून सुरुवात करून वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. सोसायटीत पाइप लावू देत नसतील तर बादली आणि मग पुरतो.

रबर तुमच्याच मॉडेलचं आणि त्याच दरवाज्याचं घ्या. मीटरवर मिळणारी बीडिंग स्वस्त पडते, पण तिची नळी जाड निघाली तर दरवाजा लागत नाही आणि बारीक निघाली तर गळती तशीच राहते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पार्ट मिळतात, तिथून हँडल आणा, आरसा आणा, रबर मात्र आणू नका. उन्हाने कडक झालेलं रबर परत मऊ होत नाही.

जुनं रबर हाताने ओढलं की निघतं. ते दरवाज्यालाच क्लिपांनी लावलेलं असेल तर क्लिपा एकेक करून सोडवा. रबराखालच्या पत्र्यावर गंज दिसला तर घासून प्राइमर मारा आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर नव्या रबराखाली तो पसरत राहील. बसवताना आधी कोपरे बसवा, मग मधला भाग तळहाताने दाबत जा. रबर ताणायचं नाही. ताणून बसवलेलं रबर काही दिवसांत आखडतं आणि नेमकं कोपऱ्यात सुटतं. सांधा उंबऱ्याच्या बाजूला, खाली ठेवा आणि कापताना किंचित जास्त लांबी सोडा.

पत्र्याच्या कडेवर दाबून बसणाऱ्या रबराला गोंद लागत नाही. सिलिकॉन सीलंट तर अजिबात लावू नका. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सीलंटने पत्रा गंजतो. रबर मऊ राहावं म्हणून काही जण इंजिन ऑइल किंवा ग्रीस चोळतात. हे रबर ईपीडीएमचं (एक प्रकारचं कृत्रिम रबर) असतं आणि पेट्रोलियम तेलाने ते फुगतं. सिलिकॉन स्प्रे फडक्यावर घेऊन पुसलात तर चालेल.

सुरुवातीला दरवाजा जड लागेल. लगेच लॉकचा स्ट्रायकर, म्हणजे चौकटीवरचा ज्यात लॉक अडकतं तो भाग, हलवू नका, आठवडाभर रबर दबू द्या. त्यानंतरही दरवाजा जोरात आपटावा लागला तरच स्ट्रायकर जरासा बाहेर सरकवा.

आपल्याकडे मुंबईत मान्सूनची सर्वसाधारण तारीख 11 जून आहे, तेव्हा मे महिन्यातच हे उरका. आणि मॅट वाळत घालून थांबू नका. कार्पेट उचलून खालचा फोम दाबून बघा. तो पाणी धरून ठेवतो, वास तिथूनच येतो आणि फ्लोअरचा पत्राही तिथूनच सडायला लागतो. फोम ओला असेल तर सीट सोडवून कार्पेट बाहेर काढा आणि दोन्ही उन्हात पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.