एफडी मोडून मेंदूची तपासणी? आधी औषधाचे महिने सांभाळा

ताई, तुम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून लिहिलंय : यजमानांना डिप्रेशनचं औषध सुरू होऊन तीन आठवडे झाले, गुण दिसत नाही. दिल्लीचं एक सेंटर म्हणतं, 24,000 रुपयांत मेंदूच्या लहरी तपासून कोणतं औषध लागू पडेल ते सांगू. एफडी मोडू का?

नका मोडू.

मी डॉक्टर नाही. पण कुठेही पैसे घालण्याआधी मी एकच बघतो : रिपोर्ट हातात आल्यावर आपलं पुढचं पाऊल खात्रीनं बदलता येईल का? मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या या चाचण्यांना क्यूईईजी म्हणतात; त्यांच्यावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना औषध लागू पडलं, त्यांतले शंभरात 72 चाचणीनं बरोबर ओळखले. म्हणजे उरलेल्या 28 जणांचं चांगलं चाललेलं औषध रिपोर्टपायी बंद झालं असतं! रोजच्या उपचारासाठी ही चाचणी भरवशाची नाही, असं त्या संशोधकांनीच लिहिलंय.

शिवाय या औषधांना चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. डिप्रेशनच्या उपचारांवरच्या अमेरिकेतल्या स्टार-डी अभ्यासात पहिल्या औषधानं पूर्ण बरे झालेले सुमारे एक तृतीयांशच होते. औषध बदलून पुढे आणखी बरेच जण सावरले. तेव्हा डॉक्टरांनी डोस वाढवला किंवा गोळी बदलली, तर घाबरू नका.

खरा खर्च पुढेच आहे. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने गोळ्या चालू ठेवतात, आणि घरात पैशाची ओढाताण झाली की पहिली कात्री तिथेच लागते. हे मी फार घरांत पाहिलंय, म्हणून कळकळीनं सांगतो. तेच 24,000 म्हणजे महिन्याला 4,000 प्रमाणे सहा महिने : औषध, डॉक्टरांची फी, बिनपगारी रजेची भरपाई. एफडी त्यासाठी राहू द्या. गोळ्यांची जेनेरिक नावं डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात विचारा. दुसरं मत हवं असेल तर आपल्या ग्वाल्हेरातच सरकारी मानसिक आरोग्यशाळा आहे, दिल्लीचं भाडंही वाचेल.

विम्याच्या भरवशावर तपासणी करू नका. 2017 च्या कायद्यानं मानसिक आजाराला विम्यात बरोबरीची जागा दिली, पण बहुतेक पॉलिसी ओपीडीतल्या तपासण्यांचे पैसे देत नाहीत.

आणि यजमान जगण्याला कंटाळल्याचं बोलले, तर पैशाचा हिशेब बाजूला ठेवून त्याच क्षणी डॉक्टरांना गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रीही लागतो.