पूर्वीच्या त्या हुशार मुलाचं काय करायचं?

"मेंदूला मार लागल्यावर पदवीचा अभ्यास झेपेल का?" हा प्रश्न मी समुपदेशक म्हणून इतक्यांदा ऐकलाय की त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न आता मला आधी ऐकू येतो: मी काही लायकीचा उरलोय का?

अपघातात डोक्याला जबर मार बसलेला एक विद्यार्थी दीड वर्षानं विद्यापीठात परतला. चालणं-बोलणं ठीक, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळायचं नाही. पण तासाभराच्या व्याख्यानानं तो गळून जायचा. वाचलेलं पान उलटेपर्यंत पुसलेलं असायचं. एकदा भेटीची वेळ विसरला, तर लाजेनं दोन आठवडे फिरकलाच नाही.

"मॅडम, पूर्वी एकदा वाचलं की माझं पाठ व्हायचं." हे दर भेटीत. शेवटी मी म्हटलं, "या पूर्वीच्या मुलाच्या चुका सांग बघू."

तो गप्प. बराच वेळ गप्प. मीही मध्ये बोलले नाही (नवख्या समुपदेशकांना ही शांतता सोसत नाही). मग हळूच म्हणाला, "सगळा अभ्यास आदल्या रात्रीच करायचो. गणितात एकदा नापासही झालो होतो." आणि हसला. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"मग तू रोज ज्याच्याकडून हरतोस, तो कोण?"

"तो... मी नंतर बनवलाय."

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर माझी भिस्त. गुण कामगिरीला द्यावेत, माणसाला नव्हे. पण हे मी नुसतं सांगितलं असतं, तर त्यानं ते वहीत उतरवून घेतलं असतं, एवढंच.

पुढचं सोपं होतं, आणि ते सगळ्यांनाच सांगते. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत जास्त असला, तरी ती पुढे कित्येक वर्षं होत राहू शकते. म्हणून एकदम सगळे विषय घेऊ नका. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून, म्हणजे मेंदूचं कामकाज तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडून, चाचण्या करून घ्या. नेमकं काय अडतंय, स्मृती, लक्ष की वेग, ते कळतं आणि परीक्षेत जादा वेळ मागताना हातात कागद असतो. थकण्याआधीच थांबा. हा थकवा आळस नव्हे. तेवढ्याच कामाला मेंदूला आता जास्त कष्ट पडतात. डायरी, मोबाइलचा गजर, परवानगीनं केलेलं रेकॉर्डिंग यांना कुणी कुबड्या म्हणालं, तर त्याला चष्मा काढून ठेवायला सांगा.

त्यानं सहापैकी दोनच विषय घेतले. गेल्या महिन्यात भेटीची वेळ पुन्हा चुकली. संध्याकाळी फोन आला, "मॅडम, डायरीत लिहायचं राहिलं. उद्या येऊ का?"