नवी मुंबईत राहायला येताय? आधी भरतीची वेळ बघायला शिका

नोकरीमुळे बेलापूरला येताय, 'बंदराचं शहर' असं ऐकलंय, पण नकाशात नुसते सेक्टर दिसतात, बंदर कुठे आहे, असं तुम्ही विचारलंय. वीस-बावीस वर्षं नेरुळला राहतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बंदर महापालिकेच्या हद्दीत नाहीच. ते उरण तालुक्यात, न्हावा-शेव्याला. १९८९ साली सुरू झालं, आणि आज देशाच्या प्रमुख बंदरांत कंटेनर हाताळणीत पहिलं आहे. आपल्याला ते भेटतं ते उरण रस्त्यावरच्या ट्रेलरच्या रांगांतून. जानेवारी २०२४पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते, एकदा चक्कर मारून या.

पण हे शहर कळतं ते खाडीवरून. सिडको या सरकारी महामंडळाने १९७०नंतर ते वसवलं तेव्हा बरीच जमीन खाजणाची, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली जाणारी, आणि मिठागरांची होती. काही भाग तर मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षाही खाली आहेत. त्यासाठीच होल्डिंग पॉन्ड, म्हणजे पावसाचं पाणी थोपवून धरणारे तलाव, बांधले. खाडीकडच्या तोंडाला झडपा असतात. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने त्या मिटतात आणि पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला झडपा उघडून ते खाडीत जातं. आता या तलावांत गाळ साचलाय, तिवरं माजलीत, त्यामुळे पाणी पूर्वीइतकं मावत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. तेव्हाच पाऊस कोसळला तर सखल भागात पाणी भरणारच. एका जुलैत आमच्या गल्लीत गुडघाभर होतं, ओहोटी लागली आणि तासा-दीड तासात उतरलं. म्हणून घर भाड्याने घेताना एजंटाला नको, खालच्या वाण्याला विचारा, "पाणी कुठवर येतं?"

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. ही जागा रिकामी नव्हती. ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांची जमीन या शहराखाली गेली. जानेवारी १९८४मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत द्यायची योजना त्या लढ्यातून आली. गावठाणांना 'बेकायदा वस्ती' म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

बेलापूरला आलात की पहिल्याच रविवारी दिवाळे कोळीवाड्याच्या जेटीवर जा. होड्या परतायची वेळ तिथल्या मावशींना विचारा. घड्याळातली वेळ नाही सांगणार, "पाणी भरलं की या" म्हणतील.