नेटवर्क ड्रायव्हरमधली मेमरी लीक कशी शोधायची?

तुमचा नागपूरच्या ऑफिसातला लिनक्स गेटवे (ऑफिसचं नेटवर्क बाहेर जोडणारा संगणक) चार-पाच दिवसांत मेमरी संपून अडकतो, कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये तुम्ही बदल केलेत, आणि ऑफिसातले म्हणतात की बॉक्स उन्हाने तापतो.

मीही नागपूरचाच. मे महिन्यात पारा ४५ला टेकला की इथे बंद पडलेल्या प्रत्येक यंत्राचं खापर उन्हावर फुटतं. पण उन्हाने अडकणारा बॉक्स दुपारी अडकेल. लीक म्हणजे घेतलेली मेमरी परत न करणं; ती वेळ बघत नाही, ट्रॅफिकसोबत वाढते. मेमइन्फो या फाइलमधला 'एसअनरिक्लेम' (कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, अडवलेली आणि परत न घेता येणारी मेमरी) रात्रीही चढत असेल तर कूलर आणायची गरज नाही. मग स्लॅबटॉप लावा; कर्नलची मेमरी कशात गेली ते ही कमांड दाखवते. त्यात एसकेबफ हेड कॅशची ओळ फुगत असेल तर पॅकेट मोकळी होत नाहीयेत.

माझा पहिला संशय पाठवणीच्या फंक्शनवर, म्हणजे स्टार्ट एक्समिटवर. तिथून 'टीएक्स ओके' (पॅकेट घेतलं) परत केलं की एसकेबी, म्हणजे कर्नलमधली पॅकेटची नोंद, तुमच्या गळ्यात. ती मोकळी करणं ड्रायव्हरचं काम. डीएमए मॅपिंग (पॅकेटची मेमरी कार्डाला थेट वाचता यावी म्हणून जोडून देणं) फसलं की बरेच जण नुसतं 'ओके' परत करून निघून जातात आणि एसकेबी तशीच लोंबकळते. तिथे एसकेबी मोकळी करणारं डेव्ह केफ्री एसकेबी एनी हे फंक्शन बोलवा, टीएक्स ड्रॉप्डचा (गळलेल्या पॅकेटांचा) आकडा वाढवा, मग 'ओके' परत करा. उलट 'टीएक्स बिझी' (आत्ता जागा नाही) परत करत असाल तर एसकेबीला हात लावू नका, कर्नल तीच पुन्हा पाठवणार असतो. आणि एसकेबी पॅडटू (छोटं पॅकेट किमान लांबीचं करणारं फंक्शन) फसलं तर ते स्वतःच एसकेबी मोकळी करतं. तुम्हीही केलीत तर तीच मेमरी दोनदा मोकळी होईल, आणि लीक परवडली म्हणाल.

दुसरी जागा इंटरफेस बंद करण्याची. रिंगमध्ये (कार्डाच्या पॅकेटांच्या रांगेत) अडकलेल्या एसकेबी तिथे अनमॅप करून सोडल्यात का? इंटरफेस लूपमध्ये अप-डाऊन करून मेमरी चढते का ते बघा.

केमेमलीक हे कर्नलमधलं लीक शोधणारं साधन (कर्नल २.६.३१ पासून आहे) जरूर लावा, मेमरी कुठून घेतली त्याचा माग, म्हणजे बॅकट्रेस, आयता मिळतो. पण थेट घेतलेली पेजेस (मेमरीचे ठोक तुकडे, येणारी पॅकेट बऱ्याचदा त्यांतच ठेवतात) त्याला दिसत नाहीत, त्यामुळे रिसीव्ह बाजूची लीक त्यातून निसटू शकते.

दुरुस्ती तपासायला दर शंभराव्या पॅकेटला मॅपिंग मुद्दाम फसवा, नाहीतर तो कोड महिनोन्महिने चालणारच नाही. मूळ ड्रायव्हरमध्येही हीच चूक सापडली तर पॅच (दुरुस्तीचा कोड) नेटडेव्हला, म्हणजे लिनक्स नेटवर्किंगच्या मेलिंग लिस्टला, पाठवा. त्यातल्या 'फिक्सेस' ओळीत चूक आणणाऱ्या कमिटच्या (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाच्या) आयडीची किमान १२ अक्षरं द्यावी लागतात.